समुद्राला भोंगा नाय

बौद्धवाडी, ता. शहापूर
गुरुवार, २२ मे

प्रिय दादास,

सप्रेम जय भीम. तू बरा असशील असं धरून लिहिते. इकडे सगळी बरी आहेत, आईचा गुडघा सोडून. तो कधीच बरा नसतो, त्यामुळे त्याची बातमी करत नाय.

पत्र बघून तुला हसू येईल. हातात फोन असताना पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. पण तुझा फोन लागतो तो तू तुम्ही बांधताय त्या बोटींच्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलास तरच, आणि लागला की मी मुद्द्यावर आले रे आले की तुझं सुरू, "रत्ना, आवाज तुटतोय." आवाज तुटत नाय दादा, तू तोडतोस. पत्र तोडायचं तर फाडावं लागेल, आणि फाडण्याआधी तू चार ओळी वाचशीलच, एवढी मी तुला ओळखते. शिवाय वर्गात दिवसभर शुद्ध 'नाही, नाही' म्हणून माझी जीभ दमते. तुला तरी मोकळेपणाने 'नाय' लिहिता येतं.

पौर्णिमावहिनी रविवारी निघते आहे. कल्याणहून चेन्नईची गाडी, तिथून मोठं जहाज, मग तुझ्या बेटाचं लहान जहाज. वाशिंदचा दिपेश सुट्टी संपवून कामावर परत येतोय, त्याची सोबत असल्यामुळे वाटेची काळजी नाय. हे पाकीट तिच्या पिशवीत पापडांच्या डब्याखाली असेल. आईने आंबोशी दिली आहे, नाचणीचं पीठ दिलंय आणि लोणच्याची बरणी तर अशी बांधली आहे की ती सोडायला तुला तुझ्याबरोबरच्या यमाजीला बोलवावं लागेल. तुझी पोर सोनालीही वहिनीबरोबर येते आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आंबा यंदा कमीच. टँकर एक दिवसाआड येतो, तोही दुपार टळल्यावर. वहिनी आठवडाभर मुरबाडला माहेरी राहून आली. तिच्या आईने सोनालीला नवे कपडे केलेत, आणि पोरीने ते एका दिवसात चिखलात घातले. माझी शाळा जूनच्या मध्याला उघडेल. तोवर वाडीतली पोरं माझ्या ओट्यावरच असतात. सुट्टीत बाईंच्या दारात यायची कुणाला हौस नसते, पण माझ्या दारात सावली आहे.

परवा आई तांदूळ निवडत बसली होती. मध्येच तिने विचारलं, "रत्ने, महेंद्र राहतो तो समुद्र केवढा गो?" मी म्हटलं, खूप मोठा. ती म्हणाली, आपल्या धरणाएवढी किती धरणं बसतील? मी म्हटलं, आई, मोजता येणार नाय. मग तिने सुपातला एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग त्याचे दरवाजे कोण उघडतं?"

मी सांगितलं, त्याला दरवाजे नसतात. बाकीचे तांदूळ तिने न निवडताच डब्यात ओतले.

तुझा समुद्र मी सातवीच्या पोरांना शिकवते, दादा. तू हसतोस पण मी तो रोज फळ्यावर काढते. हिंदी महासागर हा वरून बंद आहे, उत्तरेला सगळी जमीन, आणि खाली दक्षिणेकडे उघडा, थेट बर्फापर्यंत. त्याच्या वरच्या अंगाचे प्रवाह वाऱ्याबरोबर वर्षातून दोनदा उलटे फिरतात. हे सांगितलं की पोरं म्हणतात, म्हणजे बाई, याचा भरवसा नाय. तुझं बेट कसं झालं ते मी त्यांना आपला माहुलीचा डोंगर दाखवून सांगते. समजा सगळ्या शहापूर तालुक्यात पाणी भरलं, वाड्या गेल्या, शेतं गेली, रानं गेली आणि माहुलीच्या सुळक्यांची फक्त डोकी वर राहिली. ती डोकी म्हणजे बेटं. तू ज्याला जमीन म्हणतोस ते एका बुडालेल्या डोंगररांगेचं टोक आहे. ती रांग वर ब्रह्मदेशातून येते आणि खाली सुमात्रापर्यंत जाते.

आणि त्या रांगेच्या पश्चिमेला तळ खाली जातो. त्याला सागरी गर्ता म्हणतात. पुढे जावाजवळ ती इतकी खोल आहे की कळसूबाईवर कळसूबाई अशा चार रचल्या तरी टोक वर दिसणार नाय. महासागराचा तळ त्या फटीतून तुमच्या बेटांखाली सरकतो, आपली नखं वाढतात त्या वेगाने. सरकतो, अडकतो, वर्षानुवर्षं अडकून राहतो आणि मग एक दिवस सुटतो. पुस्तकात 'सागरी डोह' असाही एक शब्द आहे. तो परिच्छेद मी पटकन उरकते. पोरांनी अजून कधी विचारलं नाय का ते.

आता यमाजीच्या व्हिडिओबद्दल.

गेल्या महिन्यात त्याने तो ठाकूरपाड्यावर आपल्या भावाला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही वाड्यांतल्या सगळ्या फोनवर फिरला. मी तो पहिल्यांदा पाहिला तो बुधूच्या दुकानासमोर, दहा डोक्यांच्या मधून. समुद्र मागे गेलेला. जिथे तुमच्या धक्क्याचे खांब पाण्यात असतात तिथे काळे खडक, चिखल, आणि त्यात उड्या मारणारी मासळी. आपली सगळी माणसं खाली उतरलेली. ठाकूरपाड्याच्या जानीने लुगड्याचा काचा मारून सिमेंटच्या घमेल्यात मासे भरायला घेतलेत. तू निळं हेल्मेट घालून मध्यभागी उभा, कमरेवर हात, मुकादमासारखा. आणि यमाजीचा आवाज, "भोंगा नाय वाजला रे अजून. या सगळी, या."

दुकानासमोर सगळी हसली. यमाजीचं नशीब, समुद्राने ताट वाढलं, असं म्हणाली. मी मात्र तशीच घरी आले आणि ओट्यावर बसले.

त्यांना मी दोष देत नाय. आपल्याकडे धरणाचे दरवाजे बंद झाले की नदी उतरते, डोहांमध्ये मासे अडकतात, आणि सगळी वाडी टोपल्या घेऊन पात्रात जाते. दरवाजे उघडायचा भोंगा वाजेपर्यंत नदी आपली, भोंगा वाजला की धरणाची. चालायला लागल्यापासून आपल्याला हेच शिकवलंय. यमाजीच्या कानात ते इतकं मुरलंय की तो हजारो मैल गेला, पाण्याचं नाव बदललं, चव बदलली, तरी पाणी उतरलेलं दिसल्यावर त्याने भोंगाच आठवला. वाजला नाय म्हणजे भीती नाय. मुंबईचा माणूस असता तर कदाचित घाबरून पळाला असता. आपला माणूस टोपली घेऊन पुढे गेला.

दादा, समुद्राला भोंगा नाय. पाणी असं एकाएकी मागे जातं तोच त्याचा भोंगा.

मी तुला फोनवर हेच सांगत होते. तू म्हणालास, अगं मोठी ओहोटी होती, पाणी हळूहळू परत आलं, चार दिवस सगळ्यांचं कालवण झालं. मी विचारलं, त्या दिवशी जमीन हलली होती का. तर तू हसत म्हणालास, सकाळी जरा पाळणा हलला, पत्रे वाजले, इथे ते नेहमीचंच आहे. तुला पाळणा वाटला. त्या रात्री मला झोप लागली नाय.

मग तू मला शिकवलंस, की २००४ नंतर सगळं बदललंय, समुद्रात यंत्रं तरंगत ठेवलीत, काही झालं तर आधीच भोंगा वाजेल. असतील यंत्रं. दूर कुठे तळ हलला तर ती सांगतीलही. पण गर्ता तुझ्या बेटाच्या कुशीत आहे. तिथेच हलला तर यंत्राला कळवायला लागतो तेवढाही वेळ लाटेला तुझ्यापर्यंत यायला लागणार नाय. खोल पाण्यात ती विमानाच्या वेगाने धावते आणि उंची इतकी कमी की वरच्या जहाजाला कळतही नाय. किनाऱ्याजवळ तळ उथळ होतो तेव्हा ती उभी राहते. आणि दर वेळी पाणी आधी मागे जाईलच असंही नाय, कधी सरळ लाटच येते. म्हणून जमीन जोरात हलली तर पाण्याकडे बघायलाही थांबायचं नाय. एवढंच मला सांगायचं होतं. एवढ्यासाठी तू पुढचे तीन आठवडे माझा फोन उचलला नायस.

खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं नव्हतं.

मी वहिनीला म्हटलं, तू जा, सोनालीला माझ्याकडे ठेव, जूनमध्ये तिला माझ्याच शाळेत दुसरीत बसवते. ती भाकरी थापत होती. तव्यावरची उलटून मग बोलली, "ताई, तिला वाटतं बाप फोनमध्ये राहतो. अजून किती दिवस फोनमध्ये ठेवू?" मग मी चिडले, वाटेल ते बोलले, वहिनीही बोलली. तू नवरा न केलेली, तुला काय कळतं, इथपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी तिनेच चहा आणून दिला. तुझी बायको चांगली आहे. माझ्या ओट्यावरून कुठे न जाता तुला शहाणपण शिकवणं मला सोपं आहे, हेही मला कळतं. पण भीती वाटते ती वाटतेच.

तेव्हा पोर येणार हे ठरलं. मग मला जे करता येईल ते मी केलं. वहिनीला सांगितलं नाय. तुला राग येईल, तर येऊ दे.

मंगळवारी धरणावर भोंग्याची चाचणी होती, पावसाआधी दरवर्षी घेतात तशी. वहिनी अजून मुरबाडला होती, सोनाली तिच्या आधीच आजीच्या ओढीने परत आली होती. मी तिला घेऊन नदीत उतरले, जुन्या जांभळीच्या बरोबर खाली. पात्र कोरडं ठणठणीत. तिला म्हटलं, सोनू, आता भोंगा वाजेल. वाजला की हातात असेल ते टाकायचं आणि वर जांभळीपर्यंत पळायचं. मागे बघायचं नाय. कुणी हाक मारली तरी थांबायचं नाय. तिने विचारलं, आईने मारली तरी? मी म्हटलं, आईने मारली तरी. मग म्हणाली, "पप्पांनी?"

मी म्हटलं, पप्पांनी मारली तरी.

भोंगा वाजला. पोर पळाली, छान पळाली. ती निम्म्या चढावर गेली तेव्हा मी मागून ओरडले, "सोनू, तुझी चप्पल राह्यली." ती थांबली. वळली. हसत हसत खाली आली आणि चप्पल उचलून मला दाखवली.

मी तिचा दंड इतका घट्ट धरला की तिला रडू आलं. चाचणीचा भोंगा मी फोनमध्ये भरून घेतला होता. तो पुन्हा लावला. पुन्हा पळ म्हटलं. पुन्हा हाक मारली, पुन्हा ती थांबली, थोडीशीच, पण थांबली. ऊन डोक्यावर होतं, दगड तापले होते. मी सावत्र आईसारखी वागले त्या दिवशी. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी एकदा मी जीव तोडून हाक मारली, आणि ती थांबली नाय. अनवाणी जांभळीपर्यंत गेली. मी वर पोचले तर पायात काटा घेऊन बसलेली, आणि मला म्हणते, "आत्या, तुझी हाक मला ऐकू आली होती. तरी मी नाय थांबले. बरोबर ना?"

बरोबर, म्हटलं, आणि तिच्यासमोर बसून रडले. तिला वाटलं काट्यामुळेच मी रडते.

चप्पल राहिली असं मी का ओरडले, ते तुला इथपर्यंत वाचताना कळलं असेल. कळलं नसेल तर तू कळून घेत नायस.

मी बाबांच्या खांद्यावर होते, दादा. भोंगा वाजत होता, आई पुढे, मागून बाबा चढत होते आणि तू सगळ्यांच्या मागे. तू ओरडलास, "बाबा, टोपली राह्यली." मोठी टोपली होती, भरलेली, खडकावर ठेवलेली. पाणी अजून दिसत नव्हतं. बाबांनी मला खांद्यावरून खाली ठेवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळले. पुढचं तुला माहीत आहे. गाव अजून म्हणतं, जयराम पट्टीचा पोहणारा, मासळीच्या लोभाने गेला. आईही तसंच समजते आणि अजून त्यांच्यावर रागावते. हाक कुणी ऐकली नव्हती, भोंग्यात कुणाला ऐकू जाणार. फक्त बाबांनी ऐकली, आणि मी.

मी हे आजवर कुणाला बोलले नाय. तुलाही नाय. आपण दोघं इतकी वर्षं त्या टोपलीच्या दोन बाजूंना बसून जेवलो. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. दिवसभर तूच मासे पकडले होतेस, टोपली राहिली तर पोर बापाला सांगणारच. तुझी चूक नव्हती. हे मी तुला लहानपणीच सांगायला हवं होतं की नको, मला माहीत नाय, पण आज सांगते. तुझी चूक नव्हती रे.

पण त्या दिवसापासून तू पाण्याशी हट्टाला पेटलास. आधी खाडीच्या पुलावर, मग बंदरात, आता थेट समुद्राच्या मध्यात. पाण्याला मी भीत नाय असं कुणाला दाखवतोस? बाबा बघत नायत. आणि आता तुझ्यामागे यमाजी आहे, जानी आहे, रविवारनंतर तुझी बायको आहे, पोरगी आहे. ती सगळी तुझ्या निळ्या हेल्मेटकडे बघून पाण्यात उतरतात.

परत ये असं मी लिहिणार नाय. तू येणार नायस. एवढं मात्र कर.

वहिनीच्या फोनमध्ये आपल्या धरणाचा भोंगा भरून दिलाय. हजेरीला तुम्ही जो कर्णा वापरता, त्याच्यावर तो लावून ठेव. जमीन हलली, किंवा अवेळी पाणी मागे गेलं, की कुणाला समजावत बसू नकोस, भोंगा लाव. सुनामी म्हटलंस तर यमाजी टोपली शोधेल. हा आवाज ऐकला तर तो हातातलं टाकून पळेल, जानी पळेल, आपल्याकडची सगळी पळतील, कशासाठी ते न विचारता. व्हिडिओत तुमच्या पत्र्याच्या खोल्यांमागे एक टेकडी दिसते. तिच्यावर जाणारी वाट झाडीने बुजली आहे. ती मोकळी कर. हे पत्र वाचून झाल्यावर लगेच कर, उद्यावर टाकू नकोस. वहिनीने पत्र वाचलं तरी चालेल. आईपर्यंत जाऊ देऊ नकोस.

परवा रात्री टीव्हीवर खालच्या पट्टीत आलं, तुमच्याकडे पुन्हा हलकासा धक्का बसला म्हणून. नुकसान काही नाय, असं लिहिलं होतं. आईला वाचता येत नाय हे बरं.

आणि शेवटचं. सोनाली आता शिकली आहे. तिथे कधी भोंगा वाजला तर ती तुझ्याकडे बघणार नाय, आईकडे बघणार नाय, सरळ वर पळत सुटेल. तुला वाटेल पोर घाबरली, एकटी चालली, चप्पल टाकून गेली. तेव्हा दादा, तिला हाक मारू नकोस. मी शिकवलंय तिला, पण ती सात वर्षांची आहे, आणि तुझ्या आवाजासाठी दोन वर्षं थांबली आहे. तुझ्या हाकेला ती कदाचित थांबेल. तोंड मिटून तिच्या मागे पळ.

बाबांनी खांद्यावरून खाली ठेवलेली
तुझी बहीण,
रत्ना